सावली पायाखाली लपते तो दिवस

नमस्कार बालमित्रांनो.

दुपारी बारा वाजले की सूर्य डोक्यावर येतो, असं आपण सगळेच ऐकत आलोय. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची सातवीतली एक मुलगी बाराच्या ठोक्याला गच्चीवर गेली आणि लगेच खाली येऊन म्हणाली, "काकू, सूर्य डोक्यावर नाहीये. माझी सावली अजून पडतेय." तिचं अगदी खरं होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, की आकाशाबद्दल मुलांशी बोलायचं तर सुरुवात सावलीपासून करायची. दुर्बीण सगळ्यांकडे नसते, सावली असते.

तर ऐका. आपल्या सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून फक्त दोन दिवस. एकदा १० मेच्या सुमारास आणि पुन्हा २ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टात बहुतेक वेळा ढग असतात, म्हणून आपला भरवसा मे महिन्यावर. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. दिल्लीच्या मुलांना हा दिवस कधीच बघायला मिळत नाही, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य डोक्यावर येतच नाही. सोलापूर आहे सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून आपलं नशीब जोरावर.

वेळही नीट लिहून घ्या : दुपारी १२ वाजून २३ मिनिटं. बारा का नाही? आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेनं चालतं आणि सोलापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, ७५.९ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. करा गुणाकार, साधारण २६ मिनिटं येतील. शिवाय सूर्यही वर्षभर घड्याळाबरहुकूम चालत नाही. मे महिन्यात तो तीन-चार मिनिटं आधीच येतो. ती वजा केली की जमलं.

आता तयारी. एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा पाइपचा तुकडा घ्या आणि मातीनं भरलेल्या डब्यात उभा करा. तो अगदी उभा हवा. गवंडीकाका भिंत बांधताना ओळंबा सोडतात ना, तसा दोऱ्याला लोखंडी नट बांधून लटकवा आणि काठी त्याच्याशी जुळवून बघा. पायात चप्पल, डोक्याला टोपी हवीच. मे महिन्यात फरशीवर पाय ठेववत नाही. आणि सूर्याकडे मुळीच बघायचं नाही, नजर खाली फरशीवर. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं ठिपका द्या. ठिपके काठीच्या बुडाकडे सरकत येतात आणि १२ वाजून २३ मिनिटांनी सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. जेमतेम दोन-तीन मिनिटं. मग दुसऱ्या बाजूनं हळूच डोकं काढते. मी इतक्यांदा पाहिलंय, तरी त्या क्षणी श्वास रोखलाच जातो.

इथंच थांबू नका. सुमारे २२०० वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस नावाच्या विद्वानानं ऐकलं, की इजिप्तमधल्या सायीन गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, एका ठरावीक दिवशी दुपारी विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं. त्याच दिवशी त्याच्या अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. कोन होता सुमारे ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधलं अंतर पन्नासनं गुणलं आणि त्याला पृथ्वीचा घेर सापडला! गावाबाहेरही न पडता.

तुमचा मामा किंवा आत्या नागपूरला आहे का? त्याच दिवशी त्यांनाही एक मीटरची काठी उभी करायला सांगा. त्यांच्याकडची सर्वांत आखूड सावली साधारण सहा सेंटीमीटर भरेल. कागदावर प्रमाणात आकृती काढा, कोनमापक लावा, कोन येईल साडेतीन अंश. सोलापूरपेक्षा नागपूर सरळ उत्तरेला सुमारे ३८५ किलोमीटर आहे. नकाशावर मोजायचं ते एवढं उत्तर-दक्षिण अंतर, रस्त्याचं नाही. ३६० भागिले साडेतीन, गुणिले ३८५. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येईल. खरा घेर तेवढाच आहे. एक काठी, एक फोन आणि पृथ्वी मोजून झाली, मुलांनो!

काठी मोडून टाकू नका. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीला भर दुपारी तिची सावली ८० सेंटीमीटर लांब आणि तुळजापूरच्या दिशेला, म्हणजे उत्तरेला पडते. मेमध्ये ती नाहीशी होते. मग २१ जूनला साडेबाराच्या सुमारास पुन्हा गच्चीवर जा. ढग फाकले असतील तर दहा सेंटीमीटरची इवलीशी सावली दिसेल, पण या वेळी तुळजापूरकडे पाठ करून विजापूरकडे तोंड केलेली. तिच्या टोकाशी ठिपका द्या आणि शेजारी तारीख लिहून ठेवा.