वाचकाला आत घेणारे प्रकाशक

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आपल्याकडे दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. पोट्टे सपरीत, नाहीतर कडुनिंबाच्या सावलीत बसून राहतात. अशा दुपारी विदर्भातल्या कितीतरी घरांत कॉमिक्सनं सोबत केली. आज मला त्या कॉमिक्सबद्दल आणि ती काढणाऱ्या प्रकाशकांबद्दल बोलायचं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मुलं वाचायला कशी लागतात, हे पाहणं माझं रोजचं काम आहे. म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

कादंबरी वाचणारा माणूस लेखकाचं नाव सांगतो. कॉमिक्स वाचणारं पोर मात्र प्रकाशकाचं नाव घेतं. ‘राज आहे का?’, ‘डायमंडचं दे ना’, ‘इंद्रजाल आलं का?’ बसस्टँडवरच्या दुकानात, पानठेल्यावर दोरीला चिमटे लावून टांगलेल्या अंकांसमोर पोरं असंच विचारायची. कॉमिक्समध्ये कथा एकाची, चित्रं दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचे असतात. हे सगळं एका वळणाचं व्हावं, ही जबाबदारी प्रकाशकाची. ते वळण एकदा ओळखीचं झालं की पोर डोळे मिटून पुढचा अंक घेतं.

आधी दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सचं सांगतो. १९७८ साली ही संस्था सुरू झाली आणि चित्रकार प्राण यांचा चाचा चौधरी तिनं घरोघरी नेला. चाचा त्याआधी, १९७१ मध्ये, ‘लोटपोट’ या हिंदी मासिकात जन्मला होता. लाल पागोटं, पांढऱ्या मिशा, हातात काठी, सोबत रॉकेट नावाचा कुत्रा आणि गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड साबू. असा म्हातारा आपल्या प्रत्येक गावाच्या चावडीवर सापडतो. भांडण मिटवायला लोक त्याच्याकडेच जातात आणि तो ताकदीपेक्षा डोक्यानं काम करतो.

शिक्षक म्हणून मला प्राण यांच्या पानाचं फार मोल वाटतं. त्यांची रेषा साधी आणि चौकटी मोकळ्या. पात्राच्या बोलण्याच्या एका फुग्यात एखाद-दुसरं वाक्य. गोष्ट चार-पाच पानांत संपते. ज्या मुलाचा धडा अर्ध्यावर राहतो, जोडाक्षर आलं की ज्याची जीभ अडते, त्यानं चाचाची गोष्ट शेवटपर्यंत वाचलेली मी पाहिली आहे. आपण काहीतरी पुरतं वाचून काढलं, हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरू शकत नाही. आणि ती गोष्ट हिंदीत होती बरं का! शाळेत पाचवीत हिंदी सुरू होण्याआधीच आपल्या पोरांना ती येऊ लागते, त्यात रेडिओ आणि सिनेमाइतकाच या कॉमिक्सचा वाटा आहे.

दोन पोरं एकच अंक वाचत असली की बघत राहावं. एकाला अक्षरं भराभर येतात, दुसरा चित्रांवर रेंगाळतो. पहिला पान उलटायला जातो आणि दुसरा त्याचं मनगट धरतो. ‘थांब ना बे, माहं झालं नाही!’ मग पहिला परत त्या पानावर येतो, आणि नुसतं वाचताना त्याच्या नजरेतून सुटलेला दाराआडचा चोर दुसरा त्याला दाखवतो. वाचनात कच्चा असलेला पोरगा त्या क्षणी हुशार पोराला शिकवत असतो. वर्गात हे मला इतक्या सहजपणे कधी घडवता आलेलं नाही.

राज कॉमिक्सही दिल्लीचंच. १९८६ मध्ये नागराज आला, पुढच्याच वर्षी सुपर कमांडो ध्रुव. नागराजच्या अंगावर हिरवे खवले आणि मनगटातून सुटणारे साप. पऱ्हाटीत साप निघणं ज्या पोरांना नवीन नाही, त्यांना सापांचा धनी असलेला नायक किती आपला वाटला असेल! पण माझं मत विचाराल तर मला ध्रुव जास्त मोलाचा वाटतो. अनुपम सिन्हा यांनी त्याला कोणतीही दैवी शक्ती दिली नाही. सर्कशीत वाढलेला मुलगा, मोटारसायकलवर फिरतो, पशुपक्ष्यांची बोली जाणतो आणि विज्ञानातलं एखादं तत्त्व वापरून सुटका करून घेतो. शाळेत शिकतो त्याचा जगण्यात उपयोग होतो, हे तो न सांगता दाखवतो. मारामारी पुष्कळ होती, आई-बाप रागवायचे, त्यांचंही काही खोटं नव्हतं. तरी या प्रकाशकानं आपल्या वाचकाला कधी बाळबोध मानलं नाही. लांबलचक कथा, उलगडत जाणारी कोडी, एका नायकाच्या गोष्टीत दुसऱ्या नायकाचं येणं, हे सगळं पोरांना पेलतं यावर त्यानं विश्वास ठेवला.

त्याही आधीच्या पिढीचं इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनं १९६४ मध्ये ते सुरू केलं आणि ते मराठीतही निघत असे. अमेरिकी लेखक ली फॉक यांचा वेताळ, म्हणजे फँटम, आणि जादूगार मँड्रेक ही परदेशी पात्रं. कवटीच्या आकाराची गुहा, झाडावरचं घर, जंगलातल्या जुन्या म्हणी यांनी मुलांना वेड लावलं. पण मला आठवावासा वाटतो तो बहादूर. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तो घडवला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण डाकूचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानंच त्याला वाढवलं. पुढे तो गावकऱ्यांना हाताशी धरून नागरिक सुरक्षा दल उभं करतो. चंबळच्या खोऱ्यातलं गाव, धुळीचा रस्ता, विहीर, घाबरलेली माणसं. इंद्रजालच्या पानांवर खेडं असं पहिल्यांदा नायकाच्या बाजूनं उभं राहिलं. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. ज्यांच्या घरच्या पेटीत जुने अंक असतील त्यांनी ते वाळवीपासून जपावेत, ही माझी कळकळीची विनंती.

आता अमर चित्रकथा. १९६७ मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाउसकडून ही माला सुरू केली. बत्तीस पानांत एक पुराणकथा किंवा एक चरित्र. नल-दमयंती वाचताना आपल्या मुलांना पानोपानी विदर्भ भेटतो. रुक्मिणीची गोष्ट वाचून झाली की मी मुलांना सांगतो, हे कौंडिण्यपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं वर्धेच्या काठचं गाव, जिथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. मुलं पुन्हा पान उघडून तो महाल बघतात. आणि या मालेला चेहरा देणारे हात पुष्कळसे मराठी होते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. वाईरकरांचा बाळकृष्ण आजही डोळ्यांपुढे येतो. मुळीकांनी तर पुढे नागराजही काढला.

या मालेत एक उणीव मला खटकते. असुर काळे आणि देव गोरे हा रंगांचा हिशेब तिनं फार वर्षं चालवला. उन्हात राबून रापलेल्या आई-बापांच्या मुलांना ते दाखवताना मला थांबून बोलावं लागतं. पण याच मालेनं १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र काढलं. चित्रं दिलीप कदम यांची. शाळेत पाणी नाकारलं गेलेला लहानगा भीमराव त्यात पाहिला की वर्ग गप्प होतो.

अनंत पै यांचं दुसरं काम म्हणजे १९८० मध्ये सुरू झालेलं ‘टिंकल’. त्यात मुलांची पत्रं छापत आणि वाचकांनी पाठवलेल्या गोष्टी घेत. भोळा सुप्पंडी असाच आला, तमिळनाडूतल्या एका वाचकानं धाडलेल्या लोककथांतून. त्याला रूप दिलं पुन्हा वाईरकरांनी. पोस्टानं गेलेल्या कागदातून देशभराला ठाऊक असलेलं पात्र उभं राहिलं, ही गोष्ट मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगतो, आणि आजीकडून एक गोष्ट ऐकून लिहून आणायला लावतो.

शेवटी ‘नवयान’ या प्रकाशनाबद्दल. २०११ मध्ये त्यांनी ‘भीमायन’ काढलं, बाबासाहेबांच्याच आयुष्यावर. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. आमची माणसं चौकटीत कोंडणार नाही, असं त्यांनी ठरवलं, म्हणून या पुस्तकात कॉमिक्सच्या नेहमीच्या चौकटी नाहीतच. प्रेमळ बोलणाऱ्याच्या तोंडून निघणारा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे, आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. वाचता न येणाऱ्या माणसालाही कोण कसं बोलतंय ते कळतं. गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड वस्तीतल्या मुलाला हे पुस्तक दाखवा. त्याच्या घरच्या भिंतीवरच्या रेघांची नातलग रेघ त्याला छापील पानावर दिसेल.

हे सगळे प्रकाशक मला का आवडतात, ते आता लक्षात आलं असेल. कुणी आपल्या चावडीवरचा म्हातारा घेतला, कुणी खेडं, कुणी वाचकाचं पत्र, कुणी गोंडांची रेघ. मग मराठीत, आपल्या वऱ्हाडी-झाडीच्या बोलीत, पोळा आणि तान्हा पोळा, ताडोब्याचा वाघ, झाडीपट्टीचं नाटक घेऊन कॉमिक्स का निघू नयेत? चित्रकार आहेत, गोष्टी आहेत, आणि वाचणारी मुलं तर माझ्या वर्गातच बसलेली आहेत.

गावातल्या वाचनालयाची पुस्तक खरेदी होते तेव्हा चित्रकथा बहुधा यादीत नसतात, कारण त्या कुणी मागत नाही. या वर्षी ग्रंथपालांकडे लेखी मागणी द्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जाल तेव्हा तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत मुलांसाठी चित्रांतलं चरित्र आवर्जून विचारा. आणि घेतलेलं पुस्तक घरच्या कपाटात बंद करू नका, सपरीत ठेवा, शेजारची पोरं येऊन वाचतील.

नमस्कार.