पाय सुजलेला राहतो, त्याचं काय?

मित्रहो, हत्तीरोगाचं बोलणं डास, जंत आणि गोळ्या यांच्यापाशी संपतं. मला त्यापुढचं बोलायचं आहे. जंत मरून गेले, रक्ताची तपासणी स्वच्छ आली आणि पाय मात्र सुजलेलाच, असा माणूस दवाखान्यात आपल्यासमोर येऊन बसतो. ‘आता याला इलाज नाही,’ असं सांगून आपण त्याला वाटेला लावतो. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच सांगितलं. ते चूक होतं.

प्रौढ जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ६ ते ८ वर्षं राहतात. वाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात आणि पाण्याचा निचरा थांबतो. हे नुकसान जंतांच्या गोळीनं भरून निघत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही ही सूज हटत नाही, तरी त्या लिहून दिल्या जातात, याचं मला वाईट वाटतं.

मग पाय वर्षागणिक जाड का होत जातो? बोटांच्या बेचक्या उघडून बघा. तिथं चिखल्या असतात, कातडी फुटलेली असते. त्या भेगांतून जिवाणू शिरतात. हुडहुडी भरून ताप येतो, पाय लालबुंद होतो, जांघेत अवधाण येतं, माणूस अंथरुणाला खिळतो. अशा प्रत्येक झटक्यानंतर कातडी आणखी निबर होते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुझा ड्रेयर यांनी रुग्णांना पायाची निगा शिकवण्यावर भर दिला, तो यासाठीच.

निगा म्हणजे काय? रोज साबण आणि थंड, स्वच्छ पाणी. घासायचं नाही. बेचक्या आणि घड्या मऊ फडक्यानं टिपून अगदी कोरड्या करायच्या, चिखल्यांवर बुरशीचं मलम लावायचं. बसताना पाय वर ठेवायचा, घोटा फिरवायचा, रुंद चपला घालायच्या. पहिल्यांदा पाय दवाखान्यातच, रुग्णाच्या स्वतःच्या हातानं धुऊन घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं घरी पोचत नाही. झटका आला असेल तर व्यायाम आणि मालीश बंद. गार पाण्याची घडी, पॅरासिटामॉल, प्रतिजैविक आणि विश्रांती. रुग्ण बरळू लागला किंवा ताप हटेना, तर त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात धाडा.

पुढच्या भेटीत टेप काढून पाय मोजत बसू नका. घेर कमी झाला नाही की रुग्ण खचतो आणि धुणं सोडतो. ‘मागच्या वेळेनंतर ताप किती वेळा आला?’ हे विचारा आणि कार्डावर लिहा. हा आकडा खाली येतो, रुग्णाला तो कळतो, कारण तेवढे दिवस तो कामावर गेलेला असतो.

आणि एक. या रोगामुळे जगात सुमारे अडीच कोटी पुरुषांना अंडवृद्धी झालेली आहे. ती शस्त्रक्रियेनं बरी होते. पण हे दुखणं पुरुष आपणहून सांगत नाहीत. पाय तपासून झाला की दार लोटून घ्या आणि तुम्हीच विचारा.