गारठलेला साप पळत नाही

नमस्कार, श्रोतेहो.

होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलीय, शिवारात हुरड्याच्या आगट्या पेटल्यात आणि उन्हासाठी नावाजलेल्या आपल्या सोलापुरात पहाटे पारा खाली उतरतोय. आपण स्वेटर चढवतो, शेकोटीला बसतो. पण रोज ट्यूबलाइटमागून किडे टिपणारी पाल सध्या कुठं आहे? बांधावरचा सरडा? विहिरीतला पाणदिवड? पावसाळ्यात रात्रभर डरावणारे बेडूक? हे सगळे इथंच आहेत, आपल्या पायाखाली आणि भिंतींच्या फटींत. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे. सापांविषयी जरा जास्तच बोलेन, कारण ऊसतोडीचे दिवस आहेत आणि ज्वारीची काढणीही लांब नाही.

आपलं शरीर अन्न जाळून ऊब तयार करतं आणि ती सदतीस अंशांच्या आसपास टिकवतं. सोलापुरी चादर काही स्वतः गरम नसते, ती फक्त आपल्या अंगची ऊब अडवून धरते. तीच चादर गारठलेल्या सापावर घातली, तर तो तसाच गार राहील. अडवायला आत ऊब आहेच कुठं? सापाला ती बाहेरूनच घ्यावी लागते. उन्हातून, तापलेल्या दगडातून, मातीतून.

याला कुणी उणीव म्हणत असेल तर मला ते पटत नाही. ऊब बाहेरून घेणाऱ्या प्राण्याचं, त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागणाऱ्या अन्नाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात भागतं. त्यातही शरीर दहा अंशांनी गार झालं की आतला खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. मांजराला रोज खायला लागतं. धामण एकदा पोटभर उंदीर गिळून आठवडेच्या आठवडे काढते. आमच्याकडच्या दुष्काळी मुलखात तग धरायला याहून चांगली रीत मला तरी दिसत नाही.

अडचण एकच, गारठ्यात पचनही थंडावतं. गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडला, तर सापाच्या जिवावर बेततं. म्हणून थंडी वाढली की साप शिकार टाळतात. ज्याच्या पोटात आधीच भक्ष्य आहे, तो उन्हाला जास्त वेळ पडून राहतो. एवढं करूनही गारठा वाढला, तर गिळलेलं ओकून टाकतो.

मग रात्र कुठं काढायची? दिवसा तापणं आणि रात्री गार होणं हा जमिनीच्या वरच्या थराचा खेळ आहे. हात-दीड हात खाली गेलं की त्याचा परिणाम जवळजवळ पोहोचत नाही. आपल्या काळ्या रानातल्या भेगा, घुशी-उंदरांची बिळं, वारुळं, दगडी ताली या सगळ्यांत वरच्यापेक्षा कितीतरी ऊब असते. वारूळ बांधते वाळवी, बीळ खणतो उंदीर, आणि मुक्कामाला येतो नाग. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते अगदी शब्दशः खरं आहे.

सकाळी ऊन चढलं की बांधावर जरा थांबून बघा. सरडा गडद दिसेल, कारण गडद रंग ऊन लवकर शोषतो. अंग तापलं की तोच फिका पडतो. साप बरगड्या पसरून अंग चपटं करतो, म्हणजे उन्हाला जास्त अंग मिळतं. फुलपाखरू पंख उघडून बसतं, कारण उडायचे स्नायू तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. मधमाश्या तर पोळ्यात एकमेकींना बिलगून तेच स्नायू थरथरवतात आणि स्वतःच ऊब तयार करतात. अजगराची मादीही अंड्यांभोवती वेटोळं घालून अशीच थरथरत त्यांना ऊब देते. सापाच्या कुळात ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

बर्फाच्या मुलखात तर याहून विलक्षण घडतं. अलास्कात एक बेडूक आहे, वूड फ्रॉग नावाचा. हिवाळ्यात तो पालापाचोळ्याखाली चक्क गोठतो. यकृतातून साखर रक्तात उतरते, ती पेशींना सांभाळते, आणि शरीरातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो. हृदय थांबतं, श्वास थांबतो. वसंतात बर्फ वितळला की हृदय पुन्हा चालू लागतं आणि बेडूक उड्या मारत पाण्याकडे निघतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ दुसरं काही वाचू शकलो नव्हतो.

आपल्याकडची थंडी काही पाखरांना मात्र आसरा वाटते. उजनीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, तर नान्नजच्या माळावर घिरट्या घालणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून. तिकडं जमीन बर्फाखाली जाते आणि खायलाच काही उरत नाही. इथं भोवत्यांना नाकतोडे मिळतात, आणि रात्री निजायला माळावरचं गवत.

आता घोणस. तिचा मिलनाचा काळच थंडीत येतो, आणि मादीच्या शोधात नर फिरत असतात. म्हणून थंडीत साप नसतात ही समजूत फडात काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर उठू शकते. पाचटात तर घोणस अशी मिसळून जाते की नजर तिच्यावरून सरकून जाते. एरवी पावलांचा हादरा बसला की बरेच साप वाट सोडतात. गारठलेला साप पळत नाही, कारण पळण्याची ताकदच अंगात नसते. तो जागच्या जागी राहतो, आणि त्याच्यावर हात पडला तर चावतो. गारठ्यानं विष काही कमी होत नाही.

तेव्हा माझ्या ऊसतोडणाऱ्या बायाबापड्यांनो, पहाटेच्या अंधारात पाचटात थेट हात घालू नका. आधी काठीनं हलवा, पायात बूट घाला, सोबत बॅटरी ठेवा. कडब्याची पेंढीही उचलण्याआधी काठीनं सरकवून बघा. दंश झालाच, तर चिरा देऊ नका, दोरीनं करकचून आवळू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. तो हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर एकाच प्रकारचं इंजेक्शन चालतं.

आणि शेतकरी दादांना एक मागणं आहे. तोड झाली की पाचट पेटवून देण्याची घाई करू नका. या दिवसांत त्याखाली धामणी, सरडे, बेडूक गारठून बसलेले असतात आणि आग आली तरी त्यांना वेळेत पळता येत नाही. तुमच्या ज्वारीचे, गव्हाचे उंदीर खाणारी हीच धामण. पाचट सरीत कुजू द्या. जमिनीला खत मिळेल, ओलही टिकेल. घराजवळ साप आलाच, तर काठी उचलण्याआधी वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा, आणि माणूस येईपर्यंत लांबून नजर ठेवा. नमस्कार.