मोजणीबाहेरचे तास

श्रोतेहो, नमस्कार.

श्रमबळाच्या पाहणीसाठी आलेला प्रगणक दारात उभा राहून विचारतो, "घरातल्या बाई काही काम करतात का?" घरचा माणूस सहज सांगतो, "नाही, ती घरीच असते." आणि त्याच क्षणी ती बाई आत दाताने दोरा तोडत, कारखान्यातून आलेल्या सदऱ्यांना नगावर बटणे लावत बसलेली असते. विकसनशील देशांतील स्त्रियांच्या श्रमसहभागाचे आकडे वाचताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे, असे मला वाटते. आकडा कमी दिसण्यात काही वाटा मोजणीचाही असतो.

मात्र सगळा दोष मोजणीचा नाही. देशाचे उत्पन्न वाढले की स्त्रिया आपोआप नोकरीत येतात, हा समज अपुरा आहे. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या सुमारे २०० वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की, शेतीकडून कारखान्यांकडे वळताना विवाहित स्त्रियांचा सहभाग आधी घटला आणि सेवाक्षेत्र विस्तारल्यावर पुन्हा वाढला. मूल बांधावर निजवून खुरपणी करता येते. कारखान्याच्या फाटकातून ते आत नेता येत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, जगभरात घरकाम आणि संगोपनाच्या बिनपगारी कामात जाणाऱ्या तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील खेड्यांत वीज पोहोचली, चुलीसाठी सरपण गोळा करण्याचा वेळ वाचला आणि स्त्रियांचा रोजगार वाढला, असे तेथील अभ्यासात आढळले. नळ, वीज आणि पाळणाघर यांची गणना रोजगाराच्या धोरणात व्हायला हवी, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळेच.

कायदाही जपून करावा लागतो. प्रसूतीच्या रजेचा सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला, तर तो तरुण स्त्रीला कामावर घेतानाच हात आखडता घेतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराने किमान १४ आठवड्यांच्या रजेसोबत हा भार सामाजिक विम्यावर किंवा सरकारी निधीवर असावा, असे तत्त्व घालून दिले. आणि रजा संपवून ती कामावर परतली, तरी पाळणाघर पाळी सुटण्याच्या तासभर आधी बंद होत असेल, तर पुढच्याच महिन्यात ती राजीनामा देते.