‘कोट्यवधी वर्षांपूर्वी’ हे शब्द घरात येतात तेव्हा

[दृश्य : फांदीवरून फांदीवर झेपावणारी माकडं. काही क्षण फक्त जंगलाचा आवाज.]

२००७ साली नेदरलँड्समध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरो यांची सस्तन प्राण्यांवरची बीबीसीची मालिका दाखवली गेली. मूळ मालिका ज्यांनी पाहिली होती त्यांना काहीतरी खटकलं. प्राणी तेच होते, जंगलंही तीच होती, पण निवेदनातले उत्क्रांतीचे, म्हणजे सजीव पिढ्यान्‌पिढ्या बदलत आजच्या रूपात आले या विचाराचे, उल्लेख गाळलेले होते. ही मालिका दाखवत होती ईओ, म्हणजे तिथली इव्हँजेलिकल ख्रिस्ती प्रसारण संस्था. देशातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला आणि बराच गदारोळ झाला.

पुढे दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच संस्थेचे नावाजलेले निवेदक आंद्रिस क्नेवेल यांनी कॅमेऱ्यासमोर एका निवेदनावर सही केली. बायबलमध्ये म्हटल्याप्रमाणे चोवीस तासांच्या सहा दिवसांत सृष्टी घडली असं आपण आता मानत नाही, असं त्यात लिहिलं होतं. माणूस श्रद्धाळूच होता आणि श्रद्धाळूच राहिला.

आज बोलायचंय ते अशा घरांबद्दल, जिथे प्रार्थना मनापासून होते आणि टीव्हीही चालू असतो.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. न्यायालयाबाहेरची गर्दी.]

शाळेच्या दारात उत्क्रांतीचा विषय अनेकदा अडवला गेला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड ठोठावला गेला. तो निकाल पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत टिकून होता. शाळेचं एक बरं असतं, तिथे अभ्यासक्रम असतो, इयत्ता असते. हा धडा कधी येणार हे आई-वडिलांना आधी कळतं. टीव्हीला इयत्ता नसते. चार वर्षांचं पोर डायनासोर बघायला बसतं आणि आवाज येतो, “सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी…” मूल मान वळवून विचारतं, “तेव्हा आपण कुठे होतो?”

या प्रश्नाने काही आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. रोज रात्री मुलाला जवळ घेऊन जी गोष्ट सांगितली, जिच्या आधारावर खरं बोल, दुबळ्याला मारू नकोस असं शिकवलं, ती गोष्टच उद्या मुलाला खोटी वाटली तर? मग बाकीचंही खोटं वाटेल का? ही काळजी प्रेमातून आलेली आहे. तिला उत्तर द्यायचं तर आधी ती खरी आहे हे मान्य करावं लागेल.

टीव्हीकडूनही चुका होतात, आणि त्या आम्ही निवेदन लिहिणारेच करतो. “थंडीपासून बचाव व्हावा म्हणून या अस्वलाने दाट केस वाढवले.” “उंच पानांपर्यंत पोहोचायला जिराफाने मान लांब केली.” वाक्यं ऐकायला गोड, पण शास्त्र म्हणून साफ चुकीची. कुठल्याही प्राण्याने मनात आणून काही केलेलं नाही. आणि ते सर्वांना पाठ झालेलं चित्र, वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग! ते पाहून घरातली मोठी माणसं चिडतात, “म्हणजे आम्ही माकडाची पोरं?” शास्त्र असं म्हणतच नाही. चिंपांझी आणि आपण, दोघांचा एक समान पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. आजचा चिंपांझी आपला आजोबा नव्हे, लांबचा भाऊबंद आहे.

[दृश्य : गालापागोस बेटं. काळा खडक, काटेरी झुडपं, जाड चोचीचा लहान पक्षी बी फोडतोय. दृश्य लांबवावे.]

नेमकं घडतं काय, ते या पक्ष्याकडे पाहिलं की कळतं. डॅफ्ने मेजर नावाच्या छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून फिंच पक्ष्यांची मोजमापं घेत होतं. १९७७ साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक, मऊ बिया पक्ष्यांनी आधी संपवल्या. उरल्या त्या मोठ्या आणि टणक. ज्यांच्या चोची जाड होत्या त्यांना त्या फोडता आल्या. बारीक चोचीचे बहुतेक मेले. जगलेल्यांची पिल्लं जन्मली तेव्हा त्यांच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या. एकाही पक्ष्याने आपली चोच बदलली नव्हती. कोण जगलं आणि कोणाची पिल्लं झाली, एवढ्यावरून पुढची पिढी बदलली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

हे लहान मुलाला कळतं का? कळतं. मात्र मुलांचं मन आधी दुसरीकडे धावतं. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी मुलांना विचारलं होतं, खडक टोकदार का असतात? पुष्कळ मुलांना ‘प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून’ अशा धर्तीचं उत्तर जास्त पटलं. प्रत्येक वस्तू कशासाठी तरी असते, असं मुलांना आपसूकच वाटतं, घरात देवाचं नाव निघो न निघो. पण याच केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की काल्पनिक प्राण्यांचं एक साधं चित्रपुस्तक नीट वाचून दाखवलं, तर पाच ते आठ वर्षांच्या मुलांनाही नैसर्गिक निवड समजते आणि तीन महिन्यांनंतरही लक्षात राहते.

[दृश्य : इंग्लंडमधलं डाउन हाउस. बाग, जिना, लिहिण्याची खोली.]

आता ज्या घरात नैसर्गिक निवडीचा हा विचार लिहिला गेला तिथे जाऊ. चार्ल्स डार्विन यांचं हे घर. त्यांची पत्नी एमा मनापासून श्रद्धाळू होती. मुलांना बायबल वाचून दाखवायची, चर्चला घेऊन जायची. लग्नाच्या सुरुवातीलाच नवऱ्याच्या शंका तिला कळल्या होत्या. तिने त्याला पत्र लिहिलं. त्याची एक-एक गोष्ट तिला आपली वाटत होती आणि आपण दोघं कायमचे एकमेकांचे नसू या विचाराने ती व्याकूळ झाली होती. डार्विन यांनी ते पत्र जन्मभर जपलं. त्यावर त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की या पत्राचं मी कितीदा चुंबन घेतलं आणि त्यावर रडलो.

१८४४ मध्ये सिद्धांताचा पहिला मोठा मसुदा तयार झाला. आपण अचानक गेलो तर तो छापून आणण्याचं काम डार्विन यांनी एमावरच सोपवलं आणि त्यासाठी ४०० पौंड खर्चावेत असं पत्रात लिहून ठेवलं. एमाने तो मसुदा वाचला आणि जिथे पटलं नाही तिथे तसा शेराही मारला. इतका मोठा मतभेद, तरी विश्वास केवढा! आणि मुलं? १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या हस्तलिखिताचं एक पान आजही आहे, त्याच्या पाठीमागे भाज्या आणि फळांचे शिपाई एकमेकांशी लढताहेत. कुणा पोराने काढलेलं चित्र! त्या मुलांना आई आणि वडील यांतून एकाची निवड करायला कुणी सांगितलं नाही. पुढे तिघं मुलगे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्या घरात दुःखही होतं. दहा वर्षांची अ‍ॅनी १८५१ मध्ये गेली. ते दुःख दोघांनी आपापल्या परीने सोसलं.

पुढच्या काळातही श्रद्धा आणि उत्क्रांती एकत्र नांदवणारी माणसं होती. अनुवंशशास्त्रज्ञ थिओडोसिअस डॉबझान्स्की स्वतःला ख्रिस्ती म्हणवत आणि उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्राला अर्थच नाही असं लिहीत. मानवी जनुक प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स धर्मनिष्ठ आहेत. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनीही उत्क्रांती ही निव्वळ एक कल्पना उरलेली नाही, असं सांगितलं.

[दृश्य : संध्याकाळ. सोफ्यावर शेजारी-शेजारी बसलेले वडील आणि मुलगी. पडद्याचा उजेड.]

म्हणून आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, टीव्ही बंद करू नका, शेजारी बसा. मूल विचारेल, “मग देवानं काय केलं?” तेव्हा तुम्ही जे खरोखर मानता ते सांगा. पडद्यावर जे सांगितलं त्याला पुरावे कोणते, तेही त्याच्यासोबत बघा. दोन्ही तुमच्याच तोंडून ऐकू द्या. जे मूल हे चोरून बघतं, ते पुढचे प्रश्नही तुम्हाला विचारत नाही.

आणि प्रश्न येतच राहणार आहेत. फ्लूची लस दर वर्षी नव्याने का ठरवावी लागते? कालपर्यंत लागू पडणारं अँटिबायोटिक आज का चालत नाही? विषाणू बदलतात, जिवाणू बदलतात, आणि डॅफ्नेच्या पक्ष्यांमध्ये जे घडलं तेच तिथे कितीतरी वेगाने घडतं. आज पडद्यासमोर बसलेली ही मुलगी मोठी होईल, तिच्या मुलाला ताप येईल, आणि डॉक्टर काय सांगताहेत हे तिला समजून घ्यावं लागेल.