मायनिंगचं मशीन घ्यायचंय? थांबा, आधी बक्षिसाचं गणित समजून घ्या

रामराम मंडळी! आपल्या वरोरा-भद्रावतीकडच्या पोरांचा एकच प्रश्न असतो: "भाऊ, मायनिंगचं मशीन घेऊ का?" मशीनचं नंतर बोलू. बिटकॉइनच्या मायनिंगचे पैसे कशाबद्दल मिळतात ते आधी पाहू.

बिटकॉइन म्हणजे इंटरनेटवरचं चलन. त्याला बँक नाही. हिशेबाची वही जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. साधारण दर दहा मिनिटांनी त्यात एक पान जोडलं जातं. ते जोडायला मशीनं अफाट संख्या चाचपत बसतात. ज्याचं आधी जुळलं, त्याला बक्षीस. यालाच मायनिंग म्हणतात. २००९ मध्ये ते ५० बिटकॉइन होतं. साधारण चार वर्षांनी निम्मं होत होत एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आलं.

आता नीट ऐका. मशीनं दुप्पट झाली म्हणून नाणी दुप्पट निघत नाहीत. दर २०१६ पानांनी कोडं आपोआप तेवढं अवघड होतं. व्यवहारही जलद होत नाहीत. वाढते ती फक्त वीज. समर्थक म्हणतात, हा खर्च म्हणजेच राखण. वहीत खाडाखोड करायला चोराला सगळ्या मशीनांच्या मिळून निम्म्याहून जास्त ताकद लागेल. मुद्दा खरा आहे. पण औष्णिक केंद्राची राख अंगणात झाडणाऱ्या आपल्या लोकांनी ही वीज कुठून येते, हे विचारायलाच पाहिजे.

मग संगणकातल्या साध्या ग्राफिक्स कार्डवर चालणारं नाणं का नको? काढलं ना! २०१७ मध्ये बिटकॉइन गोल्ड आलं, सामान्य माणसालाही भाग घेता यावा म्हणून. मे २०१८ मध्ये त्यावर हल्ला झाला, नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजना कोट्यवधींचा फटका बसला. तसली कार्डं कुठल्याही कामाला चालतात. ताकद भाड्यानं घ्या, हात मारा, निघून जा. बिटकॉइनची खास मशीनं दुसऱ्या कामाची नाहीत. नाणं बुडालं तर मालकाच्या हाती भंगार उरतं, म्हणून तो नाणं सांभाळतो. पण ती मशीनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच, आणि फायदा स्वस्त विजेवाल्यांना. जून २०१४ मध्ये जीहॅश या एकाच पूलकडे, म्हणजे मशीनांची ताकद एकत्र करणाऱ्या गटाकडे, काही काळ निम्म्याहून जास्त ताकद गेली होती! मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच पेच.

इथेरियम या दुसऱ्या नाण्यानं सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगच सोडलं. वीज ९९ टक्क्यांहून जास्त वाचली, पण तिथं ज्याची नाणी जास्त, त्याचं वजन जास्त.

आणखी एक. रानडुकरांसाठी जागल करणाऱ्याची मजुरी दर चार वर्षांनी निम्मी केली, तर तो किती दिवस टिकेल? बक्षीस आटल्यावर बिटकॉइनची राखण व्यवहारांच्या शुल्कावरच चालवावी लागेल. ते शुल्क पुरेल, याची हमी रचनेत कुठंच नाही.

आता मशीन. नवं मशीन साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज खातं, म्हणजे जवळपास पाच एचपीचा पंप, तोही चोवीस तास. दिवसाला ८४ युनिट. शेतीपंपाच्या जोडणीवर ते लावाल तर अनधिकृत वापराचा दंड बसेल. घरगुती दरानं लावाल तर बिल आणि त्या दिवसाची कमाई कागदावर शेजारी मांडा, मगच पैसे मोजा.