चोचीला काम हवं

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरात सकाळी सहाच्या सुमारास एक आवाज सुरू होतो. कर्र, कर्र, टक्. बबडी उठलेली असते आणि काल टांगलेल्या मक्याच्या सालीच्या चिंध्या करत असते. बबडी म्हणजे आमची कॉकाटिल, पोपटाच्याच कुळातली एक छोटी पक्षीण. पक्ष्यांच्या दुकानांत सगळे तिला कॉकटेल म्हणतात. राखाडी अंग, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकली, आणि वजन जेमतेम नव्वद ग्रॅम. एवढ्याशा जिवाच्या चोचीला दिवसभर काम लागतं. त्या कामाबद्दलच मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

कॉकाटिल आणि बजरीगर, म्हणजे दुकानांत मिळणारे ते छोटे रंगीत पोपट, हे दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष, गवताळ प्रदेशातले. तिथे ते थव्याने राहतात आणि गवताचं बी शोधत मैलोन् मैल उडतात. पोट भरण्यातच त्यांच्या दिवसाचा मोठा भाग जातो. आपण काय करतो, तर वाटीभर दाणे समोर ठेवतो. दहा मिनिटांत जेवण आटोपतं. उरलेला दिवस त्या पाखराने काय करायचं? मग कुणी कर्कश ओरडत राहतं, कुणी गजांवर चोच घासतं, कुणी स्वतःचीच पिसं उपटतं. पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांना आधी दाखवावं. पण कंटाळा हेही त्याचं एक मोठं कारण आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. त्याची जागा झाडावरच. मी बोलते आहे ते बजरीगर, कॉकाटिल आणि आफ्रिकेतल्या लव्हबर्डबद्दल. आपल्याकडे बरेच जण बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणतात, तेव्हा तुमच्याकडे यातलं नक्की कोण आहे ते एकदा बघून घ्या. लव्हबर्डची चोच बजरीगरच्या चोचीपेक्षा पुष्कळ दणकट असते. एकाला चालणारं खेळणं दुसरा तासाभरात फोडून टाकेल.

बबडी नवीन आली तेव्हा मी तिला दुकानातून रंगीत खेळणं आणलं होतं. प्लास्टिकचे मणी, सुती दोरी आणि खाली एक घुंगरू. चौथ्या दिवशी सकाळी फडफड ऐकून धावले, तर ती एका पायावर उलटी लोंबकळत होती. घुंगराला फट असते ना, त्या फटीत तिचं नख अडकलं होतं. तिला नॅपकिनमध्ये अलगद धरून नख सोडवलं. रक्त येत होतं, म्हणून चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरलं आणि तशीच डॉक्टरांकडे नेली. पाय वाचला. त्या दिवसापासून आमच्या घरी घुंगरू बंद. पुढे कधी तरी हात थरथरत असताना शोधाशोध नको, म्हणून कॉर्नफ्लोअरची पुडी मी पिंजऱ्याजवळच ठेवते.

त्या सकाळी मला एक गोष्ट पक्की समजली. पाखराचं खेळणं मोडणारच. मोडावं म्हणूनच ते द्यायचं. म्हणून हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही मोडताना काय होईल? सुती दोरीचे धागे सुटतील, ते बोटाला आवळतील, गिळले तर गळ्याखालच्या पिशवीत त्यांचा गोळा होईल. रबरबँड तुटून पोटात जाईल. स्टेपलरची पिन, चिकटपट्टी, थर्माकोल, सगळं याच रांगेत. जस्ताचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण तो मुलामा चोचीने खरवडला की जस्ताची विषबाधा होते. शिसंही तसंच घातक, मग ते डाग दिलेल्या जोडात असो की जुन्या रंगात. तार किंवा हूक लागलाच तर स्टेनलेस स्टीलचा घ्या. कडी वापरणार असाल तर एक तर डोकं आत जाणारच नाही इतकी लहान, नाही तर सगळं अंग सहज पार होईल इतकी मोठी. मधल्या मापात मान अडकते.

आता फुकटात काय मिळतं ते बघू. पावसाळ्यात भाजलेल्या कणसांच्या गाडीशेजारी सालींचा ढीग पडलेला असतो. मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. आतल्या कोवळ्या, स्वच्छ साली घ्यायच्या, दोन पाण्यांतून धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. एक साल तळहातावर पसरा. मध्ये राळ्याचे, म्हणजे त्या बारीक भरड धान्याचे, दहाबारा दाणे ठेवा. दुमडून पुडी करा आणि दुसऱ्या सालीची लांब पट्टी फाडून तिनेच बांधा. गाठ सैल असू द्या. पहिल्या वेळी एक दाणा बाहेर डोकावू द्या, म्हणजे पाखराला आत काय आहे ते कळतं. अशा तीनचार पुड्या गजांना बांधल्या की अर्धी सकाळ निघते. राळ्याचं अख्खं कणीस मिळालं तर फारच छान. परदेशी पाकिटांतून महागात विकतात ते हेच.

नारळाची करवंटी शेंड्या काढून घासून घ्या, गिरमिटाने दोन भोकं पाडा, काठ कानशीने गुळगुळीत करा. आत कागदाचे बोळे आणि थोडे दाणे. कागद कोरा हवा. दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत कागद नको, त्यावर रसायनांचा थर असतो. पळसाच्या पानांची हाताने टाचलेली पत्रावळही मस्त, फक्त तिच्या मागे प्लास्टिक चिकटवलेलं नाही ना ते बघा. पेरूची फांदी मिळाली तर घासून धुऊन, कडक उन्हात वाळवून दांडी म्हणून लावा. कुठे जाड, कुठे बारीक अशी फांदी तळपायांना चांगली. एकसारख्या गोल दांडीवर सतत बसून पायांना फोड येतात. कण्हेरीची फांदी मात्र चुकूनही नको, ती विषारी आहे. कोणतं झाड ते ओळखता आलं नाही तर ती फांदी घरात आणू नका. रंग हवाच असेल तर बिटाचा रस किंवा हळद.

पावसाळ्यात सगळ्यात जपायचं ते बुरशीला. दमट सालीवर काळे ठिपके दिसले की ती लगेच फेकायची. बुरशीमुळे पक्ष्यांच्या फुप्फुसांना जडणारा आजार बरा करणं फार कठीण असतं. रोज संध्याकाळी खेळण्यावरून बोट फिरवा, सुटलेलं, ओलं, टोकदार काही लागलं तर काढून टाका.

आणि नवं खेळणं एकदम आत टांगू नका. पाखरं घाबरतात. दोनचार दिवस पिंजऱ्याबाहेर, नजरेच्या टप्प्यात ठेवा. पहिल्या पुडीपासून बबडी चार दिवस लांब कोपऱ्यात बसून होती. पाचव्या दिवशी मी पिंजऱ्यासमोर बसले आणि तिला दिसेल अशी एक साल हळूहळू फाडली. कर्र. तिचा तुरा उभा राहिला. दांडीवरून ती एक पाऊल सरकली, थांबली, अजून एक सरकली. मग मान लांब करून तिने सालीचं टोक चोचीत धरलं आणि ओढलं.